बिनशिलाईची पर्स आणि अक्कांचा मांडव

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. मगच सांगते. नाहीतर चहा प्या आणि निघा आपापल्या घरी!

तर आमच्या नणंदबाई, म्हणजे अक्का, यांच्या मुलीचं लग्न निघालं पांढरकवड्याला. ऐन मे महिन्यात! माझी साडी तयार, बांगड्या तयार, पर्सची मात्र चेन कधीच मेलेली. अशात मोबाईलवर एक बाई दिसली. "ना सुई, ना दोरा, ना मशीन! घरातल्या टाकाऊ वस्तूंची सुंदर पर्स!" मला सुईत दोरा ओवताना घाम फुटतो. मला तर ती बाई साक्षात देवीच वाटली.

पुठ्ठा मिळाला बुटांच्या खोक्याचा. चिकटवायला पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टची ग्लू गन. राहिलं कापड. कपाट उघडलं, तर वरच्या खणात आहेराच्या साड्यांची चळत. तुमच्याकडे नाही? खोटं बोलू नका! आलेली साडी घडी न मोडता ठेवायची आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, हे कोणत्या घरात चालत नाही?

त्यातलीच एक ओढली. पोपटी रंग, त्यावर जांभळे मोर. आणि मोर तरी कसले? कोंबड्याला ताप आल्यासारखे! अशी साडी जन्मात कोणी नेसलं नसतं. बिनधास्त कात्री चालवली.

पर्स मात्र झाली झकास. हे म्हणाले, "इकत आनली काय वं?" लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं कौतुक माझ्या स्वयंपाकाचंही झालं नव्हतं. मी तरंगतच राळेगावच्या स्टँडवर गेले.

एसटी सुटली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ही साडी मला दिली कोणी? अक्कांनीच! आमच्या वास्तूला!

आता अक्का म्हणजे काय प्रकरण आहे, ते ऐका. ब्लाऊजपीस हलका दिला एवढ्यावरून त्यांनी चुलतभावाच्या घरचं जाणं-येणं तोडलं, ते आजतागायत बंद आहे. आणि यांना बहीण ती एकच. ती रुसली तर यांना राखी कोण बांधणार? मी शेजारी पेंगणाऱ्या यांना हलवून उठवलं.

"अहो, आता कसं करू?"

"पदराखाली धर नं. तिले कायले दिसते?"

कायले दिसते! मांडवात पाय ठेवला, तेवढ्यात अक्कांची नजर थेट पर्सवर. नवरी सोडून बाई माझ्या काखेकडे बघतायत!

"शोभा, इकडं ये वं जराशी."

"आले हं अक्का, पाणी पिऊन येते!"

मी पळाले ती नवरीच्या खोलीत. तिथे मारेगावची आमची धाकटी जाऊ, सुनंदा. पर्स बघून तिचा चेहरा उतरला.

"ताई, मले टोमना माराले आनली काय हे? मी मुद्दाम नाई केलं जी!"

म्हटलं, हिला ऊन लागलेलं दिसतंय. कांदा हुंगायला सांगितला आणि तिथूनही सटकले.

पण त्या मोबाईलवरच्या बाईने एक गोष्ट सांगितलीच नव्हती. तापवून लावलेला डिंक आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मे महिन्यात पुन्हा तापतो! अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या, आणि पर्सचा बंद माझ्या हातात राहून पर्स खाली. पुठ्ठा वेगळा, मोर वेगळे. चाव्या, कंगवा आणि पोरीसाठी गुपचूप घेतलेले दोन लाडू घरंगळत गेले, ते नेमके अक्कांच्या पायाशी.

झालं! मला रडूच फुटलं. "अक्का, चुकलं माझं. तुम्ही एवढ्या मायेनं दिलेली साडी मी फाडली. काय बोलायचं ते बोला, पण बोलणं बंद करू नका!"

अक्का लालबुंद झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मायेनं कायची वं! हे तं मले सुनंदानं देल्लती, तेच मी तुले देल्ली. मले वाटलं तुले समजलं, म्हनून तू मांडवात मिरवून राह्यली!"

मागून सुनंदा रडवेली होऊन म्हणाली, "अन् मले कोनं देल्ली, अक्का? शोभाताईनंच! माया पोराच्या बारशाले!"

मी? आता तुम्हीच सांगा, मिळालेली साडी बाईला जन्मभर आठवते, दिलेली कोणाच्या लक्षात राहते?

आम्ही तिघी जे हसत सुटलो, की व्याही मंडळी घाबरली. अक्कांनी मला जवळ घेतलं, डोळे पुसले.

"बरं झालं फाडली वं. नाईतं पुढच्या लग्नात पुन्हा मायाच घरी आली असती! पन मले एक सांगा, दुकानातून पयल्यांदा हे असे मोर पसंत तरी कोनं केले असन?"

मी खाली वाकून लाडू शोधायला लागले. पण आमचे हे! एरवी तोंडातून शब्द निघत नाही.

"मी होतो नं संग, अक्का! अख्खी दुपार घातली हिनं. दुकानदार दुसऱ्या दाखवून राह्यलता, तं म्हने, नाई, हेच. सोतासाठी बी अशीच मांगत होती. एकच होती, म्हनून वाचलो!"