दोन विहिणींचा पलंग

शालनताईंचे डोळे मिटतायत, पण झोप काही येत नाहीये. दुपारचे दोन वाजलेत. दक्षिण इटलीतलं हे अख्खं गाव दारं-खिडक्या लावून घोरतंय, आणि त्या मात्र उद्याच्या नवरा-नवरीच्या खोलीत खुर्चीवर बसून सकाळचा अपमान चघळतायत. समोर अक्रोडाच्या लाकडाचा अजस्र पलंग, त्यावर नुसती गादी, आणि कडेला भरतकाम केलेली पांढरी चादर घडी घालून ठेवलेली.

इथे लग्नाच्या आदल्या दिवशी हा पलंग सजवण्याचा मान दोन्हीकडच्या आयांचा. त्यातली नवऱ्या मुलाची, दोमेनिकोची आई असुंता गेल्या वर्षी वारली. उरल्या एकट्या शालनताई, मुलीच्या लग्नासाठी इचलकरंजीहून आलेल्या. तर सकाळी दोमेनिकोची मावशी रोझारिया गोड हसून म्हणाली, आमच्याकडे विधवा बाई या पलंगाला हात लावत नाही, चार वाजता दोन कुवारी पोरी येऊन सजवतील. लेकीनं, प्राचीनं, त्याचं मराठी केलं. शालनताई ‘बरं’ म्हणाल्या. थोरल्या लेकीच्या हळदीला विधवेनं पुढं येऊ नये म्हणाले, तेव्हाही त्या ‘बरं’च म्हणाल्या होत्या. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण चुलीनं इतक्या लांबवर पाठलाग करावा?

मान कलते. दार उघडत नाही, तरी कुणीतरी आत आलेलं असतं.

असुंता. काळा झगा, कमरेवर हात. जिवंतपणी दोनदा व्हिडिओ कॉलवर आली आणि दोन्ही वेळा तोंड फिरवून बसली. परदेशी सून नको म्हणजे नको, हा हट्ट धरूनच गेली बिचारी. सुंभ जळला तरी पीळ काही गेलेला दिसत नाही.

“चादर ठेवा खाली, विहीणबाई.” बोलणं थेट इचलकरंजीच्या बाजारातलं. शालनताईंना त्याचं नवल वाटत नाही. चादर आपल्या हातात कधी आली, याचं मात्र वाटतं.

“न्हाई ठेवत.”

“पांढऱ्या कपाळाच्या बाईनं शिवायचा न्हाई ह्यो पलंग. माझ्या पोराचा संसार हाय त्यो.”

“माझं कपाळ काढतासा? अवो, मी विधवा हाय, पर तुम्ही तर मेलासा!”

असुंताच्या नाकाला मिरच्या झोंबतात. ती चादरीचं दुसरं टोक धरते आणि हिसडा देते. शालनताई मागे सरकतात तर पाठ पाण्याच्या पिंपाला लागते. हे मंगल कार्यालय आहे. स्वयंपाकघराची मागची बाजू, कांद्याची पोती, उष्ट्या ताटांची रास. पलीकडे थोरलीला हळद लागतेय, बायका गातायत. पलंगही इथंच आहे, पिंपांच्या मधोमध.

“हितंच उभ्या होतासा न्हवं?” असुंता म्हणते. “मग हितंच ऱ्हावा की.”

हे मात्र लागतं. शालनताईंच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या पाण्याचाच त्यांना संताप येतो.

“थोरलीनं चारदा वळून बघितलं, आई कुठं हाय म्हणून. मी गप ऱ्हायले. आता न्हाई ऱ्हाणार. तुमच्या बापाला भिणार न्हाई.”

त्या चादर ओढतात. असुंताच्या बोटांतून ती निसटते. ती पुन्हा धरते, पुन्हा निसटते. मेलेल्या हातांना कापड धरवत नाही. तिसऱ्या वेळी ती नुसती हातांकडे बघत उभी राहते. पलीकडची गाणी थांबलीत, भिंती पुन्हा गावातल्या खोलीच्या झाल्यात.

“तुमचे मालक कधी गेले?” शालनताई विचारतात. प्राचीनं सांगितलेलं त्यांना आत्ता आठवतं. काळा झगा इथल्या विधवांचा, तेही कळतं.

“दोमेनिको धा वर्सांचा व्हता.”

“म्हंजे जित्या असतासा तरी...”

“रोझारियानं मला बी हाकललं असतं. सख्खी भन हाय माझी.” असुंता मान वर करते. नजरेतला विखार तसाच आहे. “मला जे मिळालं नसतं, ते तुम्हाला का मिळावं?”

शालनताई चादरीचं टोक तिच्या मनगटाला गुंडाळून गाठ मारतात.

“धरा. आन् तोंड बंद ठेवा.”

तोंड कसलं बंद राहतंय! कोपरा ढिला आहे, असं असुंता म्हणते. माझा जन्म मागावर गेला, सूत मला शिकवू नका, असं शालनताई म्हणतात. मग उशा ठेवताना त्यांचा हात थबकतो.

“अगं बया! उत्तरंला डोकं? आमच्यात मढ्याचं करत्यात तसं.”

“माझ्या सासूपासनं पलंग असाच हाय. चाळीस वर्सं झोपले मी त्याच्यावर.”

“म्हणूनच लवकर आटपलासा.”

असुंता इतक्या जोरात बघते की खिडकीची झडप थरथरते. मग खाली वाकते आणि पलंगाच्या पायाला खांदा लावते.

“बघत काय उभ्या ऱ्हायलासा? लावा जोर!”

“आई! अगं आई!”

प्राची हाक मारतेय. शालनताई खुर्चीवरच आहेत, मान आखडलीय, खांदा ठणकतोय. दारात रोझारिया, मागे दोन पोरी आणि पलंगावर उधळायच्या, साखरेत घोळलेल्या बदामांचं तबक. पण आत कुणीच येत नाही. पलंग समोरच्या भिंतीला लागलाय, उशा दक्षिणेला, चादर ताठ. फरशीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पांढरे, ताजे ओरखडे.

रोझारिया वाकून ओरखड्यावर बोट फिरवते. बोटाला भुकटी लागते. मग प्राचीकडे वळून काहीतरी विचारते.

“आई, त्या विचारतायत, हा पलंग हलवायला चार गडी लागतात. कुणी हलवला?”

शालनताई उठतात, पदर खोचतात, आणि एका पोरीच्या हातातलं तबक काढून घेतात.

“सांग तिला, दोन्ही आयांनी. रीत हाय न्हवं तुमची?”