चौदा नंबरचा पास

पास वाटायचं काम मी स्वतः मागून घेतलं होतं, हे आधीच सांगते. देवपुरात आमच्या कॉलनीमागच्या मैदानावर सात दिवसांची कथा होती. पोलिसांनी सांगून टाकलेलं: पास असेल तीच गाडी गल्लीत, बाकीच्यांनी पांझरेच्या पुलापलीकडे लावून चालत यायचं. घरटी एक पास, त्यावर घर नंबर, वहीत सही. मी म्हटलं, वही दुसऱ्या कुणाच्या हातात गेली की घोटाळा झालाच म्हणून समजा. लोकांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि पहिला घोटाळा मीच केला.

आमचा पास धाकट्या दिराच्या गाडीला लागला. तो बायकापोरांसह मुक्कामीच आलेला. तिसऱ्या दिवशी जळगावहून विहीणबाई यायच्या होत्या, जावयाच्या गाडीनं. लग्नात मानाच्या साडीवरून जे रामायण झालं, ते माझ्या लेकीनं सासरी वर्षभर ऐकलं होतं. आता विहीणबाईंना उन्हात पुलावरून चालवलं असतं तर संपलंच! पुढची दहा वर्षं पोरीला टोमणे. म्हणून चौदा नंबरचा पास मी ठेवून घेतला. तिथे आबा एकटे राहतात, रिटायर्ड पोस्टमन. गाडी नाही, नुसती सायकल. त्यांच्या नावापुढे मीच सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी आबा दारात. "माय, मना पास?"

"तुम्हाला कशाला हो पास? सायकलीला?"

"उद्या मनी पोर येनार शे. तिना गुडघानं ऑपरेशन व्हयेल शे. पुलवरतीन ती कसी चाली?"

"तुमचा पास आलाच नाही, आबा. वरूनच कमी आले."

लाज वाटली, पण जीभ अडखळली नाही मेली. वही टेबलावर उघडीच पडली होती. आबांनी पाहिली का? जन्मभर लोकांची अक्षरं वाचलेला माणूस, त्याला माझी सही ओळखायला कितीसा वेळ?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं माझं. आबा ओट्यावर बसले की वाटायचं, माझ्याच घराकडे बघतायत. ग्रुपवर कुणीतरी 'पास सांभाळा' असं टाकलं, तर तेही मलाच वाटलं.

तिसऱ्या दिवशी दिराच्या हाती पुलावर पास पाठवला, आणि गाडी थेट दारात लागली. लेक-जावई उतरले, विहीणबाई उतरल्या, खूश दिसल्या. मी पाणी देते न देते तोच नऊ नंबरवाले भाऊ बाहेर बोंबलायला लागले. "गाडी एकोणीस पासिंगची, जळगावची! आणि पास चौदा नंबरचा! आबांकडे गाडी कुठंय? विकला की काय पास?"

माणसं जमली. विहीणबाई ग्लास हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. जावई विचारतोय, "काय झालं, आई?" आबांना बोलावून आणलं होतं. त्यांनी काचेवरचा पास बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता बोलतील.

"मीच दिना," आबा म्हणाले. "त्या मना पाहुना शेतस."

भाऊंनी त्यांना चारचौघांत नाही नाही ते सुनावलं. या वयात शोभतं का, असंसुद्धा म्हणाले. आबा खाली मान घालून ऐकत राहिले. आणि मी विहीणबाईंना म्हटलं, "चला आत, ऊन फार आहे."

जाताना विहीणबाई म्हणाल्या, "गल्लीत वजन आहे हो तुमचं." लेक माझ्याकडे बघून हसली. वर्षभरात तिला एवढं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा: म्हाताऱ्यानं हे का केलं? फुकट कोण कुणासाठी ऐकून घेतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी शिऱ्याची वाटी घेऊन गेले. "लेक आली होती का, आबा?"

"पुलवरतीन परत गयी. गाडी आत येऊ दिधी नही."

वाटी घेऊन त्यांनी खिडकीत ठेवली आणि माझ्यासमोर बसले. "माय, आते आपन दोनच शेतस. खरं सांग. मना पास उना व्हता ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण वाटलं, हे मुद्दाम वदवून घेतायत. आज हो म्हटलं तर उद्या गल्लीभर होईल, परवा जळगावला पोचेल.

"नाही, आबा," मी म्हटलं. "नव्हता आला."

"बरं," ते म्हणाले. "बस. चहा टाकस."