सातव्या कागदावरची धून

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आल्याचं, कुणाला सावली दिसल्याचं बोलणं निघालं की मी घागर उचलून सरळ घरात जायची. मला त्यातलं काही पटायचं नाही. खरं सांगायचं तर आजही पटत नाही. शेजारच्या बाईंकडे एक मासिक येतं, त्यात लोक आपले असे अनुभव लिहून पाठवतात. वाचताना वाटायचं — ह्यांना ताप असेल, नाहीतर झोप झाली नसेल. माझ्या बाबतीत दोन्ही नव्हतं. भर दुपार होती, एक नाही तीन दुपारी, आणि मी पूर्ण जागी होते.

मासिकाला पाठवायची हिंमत माझ्यात नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, चार माणसांत तोंड उघडत नाही. पण लिहून ठेवते… कुठंतरी असावं म्हणून.

जुन्या जालन्यात कापड दुकानांच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली होती. माझे मालक, म्हणजे हे, बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. बँडमधले बाकी सगळे कानावर वाजवणारे. गाणं दोन-चारदा ऐकायचं आणि उचलायचं. नोटेशन वाचून वाजवणारे हे एकटेच. ते त्यांना रहीमचाचांनी शिकवलं होतं. चाचा पूर्वी पोलीस बँडमध्ये होते. बँडचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते दर लग्नसराईच्या आधी हैदराबादहून नव्या धुना कागदावर लिहून आणायचे. त्या धुना आधी हे बसवणार, मग ह्यांचं ऐकून बाकीचे. त्यामुळे बँडमध्ये ह्यांना मान होता.

नव्वद सालच्या सुमारास साखरेनं ह्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही. माणूस दिसायचा, रस्ता दिसायचा, पण कागदावरची टिंबं दिसेनात. मास्तरांना कळलं तर मान जाणार, कदाचित कामही. एक दिवस दुपारी दार लावून ह्यांनी मला समोर बसवलं.

"कांता, तुला वाचता येतं ना?"

"मराठी येतं. तेही जोडाक्षर अडतं."

"ह्याच्यात जोडाक्षर न्हाई. पाच रेघा हायेत बघ. खालून पहिल्या रेघेवर टिंब असलं तर ई. तिच्या वरच्या जागेत एफ. दुसऱ्या रेघेवर जी. मंग पुन्हा ए पासून."

"आणि एच?"

"एच न्हाई. जी झाला की वापस ए."

"बरं झालं," मी म्हटलं. ते हसले.

अशी मी शिकले. इंग्रजीची मला आजही सातच अक्षरं येतात. पोकळ टिंब दोन ठोक्यांचं, भरीव टिंब एका ठोक्याचं, शेपटी असली तर अर्ध्याचं. ओळीच्या सुरुवातीला फुली-गोळा खेळायला मारतात तशी चौकट असली की तो शार्प, म्हणजे सूर जरा चढा, आणि तो पुढं सगळ्या ओळीला लागू. ते मी विसरायची. "शार्प खाल्ला!" ते ओरडायचे. "जेवून बसली होती ना? मंग शार्प कशाला खाल्ला?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हे बोलके आणि मी मुकी, असंच चाललं होतं. त्या दुपारी मात्र मी बोलायची आणि ते ऐकायचे. मी म्हणायची, "डी, एक ठोका. एफ शार्प, अर्धा. जी, दोन." ते चाव्यांवर बोटं ठेवून तोंडातल्या तोंडात म्हणायचे. इतकं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. दोन लग्नसराया अशा गेल्या. कुणाला कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी भोकरदनचं एक मोठं लग्न होतं. मास्तर कागद देऊन गेले आणि जाताना ह्यांना म्हणाले, "भाऊ, सध्या जरा ढिलं वाजून राह्यलंय. ह्या लग्नात बराबर झालं न्हाई तर औरंगाबादचा एक पोरगा माझ्या नजरेत हाये."

कागद सात होते. सहा धुना आम्ही आठवड्यात बसवल्या. मग मी सातवा कागद घेतला. त्याला वर नाव नव्हतं. शाई जांभळट होती, बाकीच्यांची निळी. आठ ओळी. अक्षर मात्र फार सुंदर, सगळी टिंबं सारखी. ती धून वाचायला तीन दुपारी लागल्या. एका जागी टिंब पाचही रेघांच्या वर गेलं होतं आणि त्याला स्वतःची छोटी रेघ होती.

"इतकं वर?" ह्यांनी विचारलं. "बराबर बघ."

"वरच आहे. डोक्यातून छोटी रेघ गेलीय."

"म्हणजे ए. वरचा ए." त्यांनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. "कांता, ही कुठल्या पिक्चरची न्हाई वाटत."

भोकरदनला मुलीच्या पाठवणीच्या वेळी ह्यांनी ती एकट्यानंच वाजवली. मी तिथं नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर स्वतः आमच्या दारात आले. मी चहा टाकला.

"वहिनी, काल तुमच्या माणसानं कमाल केली. वऱ्हाडाची गाडी सुरू झालेली, नवरदेवाच्या बापानं बंद करायला लावली. म्हणला, हे संपू द्या." मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "पर भाऊ, ती धून आणली कुठून?"

"तुमच्याच कागदातली," हे म्हणाले. "सातवी."

"सातवी? मी सहा दिल्त्या. सातवा कागद तर कोरा. रेघांचा. बाकीचे चुरगाळू नयेत म्हणून खाली ठेवल्ता."

"कांता, दाखव त्यांना."

मी पत्र्याच्या पेटीतून कागद काढले. सहा धुना होत्या. त्याखाली सातवा कागद. पाच-पाच रेघांच्या आठ ओळी — आणि त्यांवर काहीच नाही. एक टिंब नाही. मी उलटून पाहिला, उजेडात धरला, पेटी रिकामी केली. आमच्या खोलीत शोधायला दुसरी जागाच नव्हती.

मास्तर हसत निघून गेले. त्यांना वाटलं, हे मस्करी करतायत. ह्यांनी मात्र दार लावलं.

"काय हाये त्याच्यावर?"

"काही नाही."

"मंग त्या दिवशी काय वाचलं?"

"होतं ते वाचलं."

"म्हणजे तूच बनवलीस?" ते आधी हसले. "अगं मंग सांग ना! लाजते कशाला?"

"मी कशी बनवू? मला येतं का?"

त्यांचं हसू हळूहळू गेलं. दोन दिवसांनी ते रहीमचाचांना घरी घेऊन आले आणि म्हणाले, "हिचं वाचन तपासा." म्हणजे डोळ्यांचं गुपित त्यांनी चाचांपुढं उघडं केलं. चाचांनी पिशवीतून जुने कागद काढले. मी घाबरत वाचत गेले. एक शार्पसुद्धा खाल्ला नाही.

"माशाल्ला," चाचा म्हणाले. "बेटी बराबर पढती. मेरे पोट्ट्यांना बी एवढं येत न्हाई." मग सातवा कागद त्यांनी नाकाजवळ नेला, बोट फिरवलं, वास घेतला. "इसपे तो कभी स्याहीच लगी नै, बेटी."

मला वाटलं होतं, मी नीट वाचते हे कळलं की ह्यांचा संशय जाईल. झालं उलटं. चाचा गेल्यावर ते म्हणाले, "इतकं बराबर वाचता येतं, म्हणजे चूक न्हाई झाली तुझी. मुद्दाम केलं. माझं बघायचं म्हणजे तूच, कांता. तूच असं केल्यावर मी कुणाला विचारू?"

मी शपथ घेतली. तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली… ती हो म्हणून नव्हती.

त्यानंतर नवे कागद आले की ते चाचांच्या गल्लीत जायचे. भांडण नव्हतं, मारझोड तर कधीच नव्हती. भाजीचं, भाड्याचं बोलायचे. पण दुपारी खोलीत मी एकटी. भांडी घासून पालथी घातली की काही उरायचं नाही. कधी मी जुने सहा कागद घेऊन मोठ्यानं वाचायची. डी, एक ठोका. जी, दोन. ऐकायला कुणी नसलं की ती नुसती अक्षरं राहतात. सातवा मी रोज काढून बघायची. कोराच असायचा.

पाच वर्षं अशी गेली. ती धून ह्यांनी पुन्हा एकदाही वाजवली नाही, बँडवाल्यांनी कितीदा म्हटलं तरी. मग साखर पायात उतरली. सॅक्सोफोन मास्तरांचा होता, तो परत गेला. हे खाटेवर पडले.

एका दुपारी मी त्यांच्या पायाची पट्टी बदलत होते. ते गुणगुणत होते. मी आधी लक्ष दिलं नाही. मग हात थांबला. तीच धून. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि तिसरीच्या तोंडाशी अडले. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच.

"कांता."

"जी."

"पुढं वाच."

पाच वर्षांत पहिल्यांदा. मी पेटीतून तो कागद काढला आणि त्यांच्या उशाशी बसले. पाच-पाच रेघा, बाकी काही नाही. मला पुढचं आठवतही नव्हतं. वाचणारी मी, पाठ करणारे ते. "अजून कोराच आहे" असं मी म्हटलं असतं तर ते खरं होतं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून माझ्या तोंडून ते निघेना.

नोटेशनमध्ये गप्प राहायचीही खूण असते. तिथं वाजवायचं नाही, मनात ठोके मोजायचे.

"पुढं थांबा आहे," मी म्हटलं.

"किती?"

"लांब आहे."

"बराबर," ते म्हणाले. "मला वाटलंच. मोज मंग."

मी मोजू लागले. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. त्यांनी माझा हात धरला आणि ठोक्याला ठोका दाबत राहिले. मोजता मोजता त्यांना झोप लागली. चौथ्या दिवशी ते गेले. मधल्या दिवसांत त्यांनी मला दोनदा जवळ बसवून घेतलं, पण धुनेचं काही विचारलं नाही.

रहीमचाचाही आता नाहीत. कागद माझ्याजवळ आहे. त्याला जांभळी शाई कुठून आली आणि कुठं गेली, ती धून कुणाची होती… खूप विचार केला, आता करत नाही. खाटेशी बसून मी कोऱ्या कागदावरून वाचलं, एवढं मला पक्कं माहीत आहे. ते त्यांनी खरं धरलं. आधीच्या तीन दुपारी मी काय वाचत होते, ते मला आजही सांगता येत नाही.