न दिलेला खो

जानेवारी १९८४ मधली आमच्या मंडळाची खो-खो स्पर्धा मुलुंडमध्ये अजून लोकांच्या लक्षात आहे. पण लक्षात आहे तो बहुतेकांना एक फोटो. एका स्थानिक साप्ताहिकाने तो छापला होता. आठ मुली मैदानात बसल्या आहेत, त्यांतल्या चौघींची पाठ झेंड्याकडे आहे आणि खाली ओळ आहे, 'राष्ट्रगीत चालू असताना!' नववी मुलगी खांबापाशी उभी होती. फोटोत तिचा फक्त खांदा आला. हा मजकूर तिच्याबद्दल आहे.

रत्नप्रभा धुरी तिचं नाव. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या अंगाला जी बैठी चाळ आहे, तिथे ती आईवडील आणि धाकट्या भावासह राहायची. वडील दशरथ धुरी मूळचे मालवणकडचे, परळच्या गिरणीत विणकर होते. ब्याऐंशीच्या संपात गेले ते परत कामावर गेलेच नाहीत. पुढे एका सोसायटीत पहारेकरी झाले. रत्नप्रभा तेव्हा तेवीस वर्षांची होती. शाळेपासून खो-खो खेळत होती आणि आमच्या महिला संघाची कप्तान होती. एका बँकेत खेळाडूंच्या जागेसाठी तिची मुलाखत झाली होती, निवडही झाली होती. जिल्हा खो-खो संघटनेचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र फेब्रुवारीअखेरपर्यंत बँकेला द्यायचं बाकी होतं. धुरींच्या घरात त्या एका कागदाची वाट चार माणसं पाहत होती.

मी विमा कंपनीत नोकरीला. खेळातला नव्हे, पण आकडे नीट लिहितो म्हणून वीस वर्षं मंडळाचं गुणलेखन माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळीही मी गुणलेखकाच्या टेबलाशीच होतो.

महिलांचा अंतिम सामना उशिरा सुरू झाला. शेवटच्या पाळीला आमच्या मुली तीन गुणांनी मागे होत्या आणि पाठलाग त्यांचा होता. सात मिनिटांत चार गडी बाद करणं त्यांना अवघड नव्हतं. मुली आपापल्या चौकोनात जाऊन बसल्या, रत्नप्रभा खांबापाशी उभी राहिली, आणि तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. पाहुण्यांना साडेसहाला निघायचं होतं. मंडळाचे चिटणीस मधुकरराव यांनी माइकवरून जाहीर केलं, की वेळेअभावी सामना इथेच थांबवत आहोत, आतापर्यंतच्या गुणांवर निकाल धरला जाईल. दुसरा संघ टाळ्या वाजवत मंचाकडे गेला. आमच्या मुली बसून राहिल्या.

मधुकरराव मैदानात आले. "ए रत्ना, उठव ना पोरींना. पाहुणे थांबलेत."

"सात मिनिटं द्या. मग उठतो आम्ही."

"सात मिनिटं कुठून आणू? अंधार पडतोय."

"पुरुषांची फायनल दिव्यात होणार आहे ना? मग आमची पण होईल."

"हे बघ, उगाच समारंभाला खो घालू नकोस."

"घातला कुठे अजून? खो माझ्याकडेच आहे," ती म्हणाली, आणि दोरीपलीकडची माणसं हसली.

तो हशा मधुकररावांना लागला. ते माझ्या टेबलाजवळून माइकवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "राष्ट्रगीत लाव. बघतो कशा उठत नाहीत त्या." राष्ट्रगीत बक्षीस समारंभानंतर व्हायचं होतं. माइकवाला घुटमळला. मग त्याने टेप लावली.

सारं मैदान उभं राहिलं. मीही राहिलो. पहिल्या चौकोनातली जयंती, दहावीतली मुलगी, उठायला लागली तेव्हा रत्नप्रभाने खाली न बघता फक्त "बस" म्हटलं. जयंती परत बसली आणि रडायला लागली. रत्नप्रभा स्वतः हात खाली सरळ सोडून उभी होती, तिचे ओठ हलत होते. राष्ट्रगीत संपल्यावर दोरीच्या बाजूने पहिली शिवी आली, मग चपला आल्या. थोड्या वेळापूर्वी तिच्या बोलण्यावर हसलेली तीच माणसं.

पुढचे पंधरा दिवस वाईट गेले. चाळीच्या भिंतीवर कोणीतरी कोळशाने 'देशद्रोही' लिहिलं. आई शेवंती धुरी नळावर गेल्या की बायका हंडे उचलून बाजूला होत. गंमत अशी, की मुलुंडमध्ये शाळेत खो-खो न खेळलेला माणूस मला माहीत नाही. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, अशीच बैठक असते हे प्रत्येकाला ठाऊक, तरी तेच लोक फोटो दाखवून विचारत, "चौघींनी मुद्दाम पाठ फिरवली, ती का?"

चाळीत दरवर्षी सव्वीस जानेवारीला झेंडा रत्नप्रभाच्या हातून वर जायचा. त्या वर्षी निरोप आला, तू येऊ नकोस. दशरथ धुरी एकटे गेले आणि मागे उभे राहून परत आले. जिल्हा संघटनेने चौकशी लावली होती, तिची तारीख सांगायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी टोपी काढली, खुंटीला लावली आणि मुलीला विचारलं. स्पर्धेपासून तोवर ते तिच्याशी बोलले नव्हते.

"राष्ट्रगीत वाजत होता, तेव्हा तू काय करत होतंस?"

"म्हणत होतंय."

"आणि पोरी?"

"त्यांका मी उठाक दिलंय नाय."

"तू चुकलंस, असा माका वाटता," ते म्हणाले. "पण थंय गेल्यार अर्धा सांगू नको."

चौकशी मंडळाच्याच खोलीत झाली. जिल्हा संघटनेचे श्यामसुंदर साहेब अध्यक्ष, मधुकरराव सभासद, आणि इतिवृत्त लिहायला मी. श्यामसुंदर माणूस वाईट नव्हता. त्यांनी आधीच सगळा विचार करून ठेवला होता. समोर कोरा कागद सरकवून ते म्हणाले, "हे बघ पोरी, तू तर उभी होतीस. सगळ्यांनी पाहिलंय. 'मी राष्ट्रगीताला उभी राहिले' एवढी एक ओळ लिहून दे. तुझं प्रमाणपत्र आत्ता देतो."

"आणि त्या आठ जणी?"

"त्यांना तीन वर्षं बंदी. लोक चिडलेत, काहीतरी करावंच लागेल."

रत्नप्रभाने पेन उचललं नाही. "मी राष्ट्रगीताला उभी राहिले नव्हते, साहेब. मी आधीपासूनच उभी होते."

"म्हणजे?"

"खो देणारी उभीच असते. बसलेलीला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. उठली तर चूक धरतात. तुमच्याच पुस्तकात आहे. खो मी द्यायचा होता. मी दिला नाही."

"अगं, ते खेळात!" मधुकरराव ओरडले. "तेव्हा खेळ चालू होता का?"

"आमचा होता. बंद तुम्ही केलात."

श्यामसुंदर पुढे झुकले. "वेड्यासारखं करू नकोस गं. बँकेची नोकरी आहे. बापाचं वय बघ."

"त्यांनीच सांगितलंय अर्धं सांगू नकोस म्हणून."

मग तिने कागद ओढला आणि लिहिलं. तो मजकूर मी नंतर इतिवृत्तात उतरवला, म्हणून पाठ आहे: "सर्व मुली माझ्या सांगण्यावरून बसून राहिल्या. जयंती उठत होती, तिला मी बसवलं. तिला विचारायला हवं होतं, ते माझं चुकलं. बाकीच्यांचा यात दोष नाही." खाली सही केली आणि आम्हा तिघांना नमस्कार करून ती गेली.

आठ मुलींना ताकीद देऊन सोडलं. रत्नप्रभाला तीन वर्षं बंदी आली, प्रमाणपत्र नाकारलं. बँकेची मुदत एकोणतीस फेब्रुवारीला संपली. मधुकररावांनी माइकवाल्याला काय सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं. मला कोणी विचारलं नाही आणि मी आपणहून लिहिलं नाही.

मार्चपासून रत्नप्रभा भांडुपच्या एका औषध कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायच्या कामाला लागली. बंदी उठली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि गुडघा दुखायला लागला होता. ती परत खेळली नाही. जयंतीला पुढे रेल्वेने खेळाडू म्हणून घेतलं. आणखी तिघी सरकारी नोकऱ्यांत लागल्या.

सत्याऐंशीच्या दिवाळीत मी एक पत्र तयार केलं. जिल्हा संघटनेला, प्रत साप्ताहिकाला. राष्ट्रगीत वेळेआधी कोणी लावलं, का लावलं, मैदानात कोण कुठे होतं, सगळं क्रमाने लिहिलं. आठही जणींची नावं आणि चौकोन दिले. पाठवण्याआधी तिला दाखवायला गेलो.

ती दुसऱ्या पाळीला निघायच्या घाईत होती. तरी दारातच उभी राहून तिने पत्र दोनदा वाचलं.

"काका, हे चांगलं लिहिलंय. पण यात पोरींची नावं कशाला?"

"नावांशिवाय पुरावा कसा होणार?"

"नावं आली की तो फोटो परत छापणार. खाली नावं टाकून छापणार. तेव्हा बिननावाचा होता, ते बरं होतं." तिने पत्राची घडी घातली. "जयंतीची नोकरी अजून पक्की झालेली नाही. चौकशी लागली तर? राहू दे."

"आणि तुझं?"

"माझं काय, माझं झालं."

मी म्हटलं, तुझ्यावरचा डाग तरी जाईल. ती थोडी चिडली. "डाग कसला? मी खो दिला नव्हता, हे खरंच आहे. तुमच्या पत्राने ते खोटं होणार आहे का?"

आतून शेवंतीबाईंनी डबा आणून दिला. रत्नप्रभाने पत्र माझ्या हातात परत ठेवलं आणि "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका" म्हणून ती निघाली. दशरथ धुरी कॉटवर बसून होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिना सांगितला ना?" ते म्हणाले. "मग पाठवू नका."

मी पाठवलं नाही. आता इथे लिहितानाही जयंतीचं नाव बदललं आहे, आणि बाकी सात जणींची नावं मुळीच घेतलेली नाहीत.