थंडीची लाट आणि मेहेर बाई

डिसेंबरात स्टाफरूमचा पंखा पाचवर फिरवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आम्ही बाकीच्या शाली पांघरून डबे खात बसलेल्या, आणि मेहेर बाई येणार, खटकन बटण दाबणार आणि वर विचारणार, "काय गो, कोन मेलंय का? सगल्या गुंडालून बसल्यात ती!" मी मूळची साताऱ्याकडची, आता राहते विरारच्या चंदनसारला; थंडीतलं मला कळतं असा माझा समज. एकदा चिडून म्हटलं, "बाई, आज सकाळी आमच्या चंदनसारला धुकं होतं." तर म्हणतात, "धुकं नाय ते. कोनीतरी कचरा जालला असंल."

बाई समुद्रकाठच्या अर्नाळ्याच्या. विरारच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आवाज असा, की दार लावलं तरी शेजारच्या वर्गालाही चित्रकला यायची. मुलांना त्या खोडरबर वापरू द्यायच्या नाहीत. "खोडतोस कशाला? चुकलं तं चुकलं. देवानं तुला कुठं खोडून परत काढलाय?" मुलगा ओशाळायचा, वर्ग हसायचा, आणि चित्र मात्र पुरं व्हायचं.

त्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, चित्रकलेचे तास संगणकाला द्यायचं मनात घेतलं. तास गेले की मेहेर बाई अतिरिक्त ठरणार आणि बदली थेट लांब डोंगरातल्या मोखाड्याला. घरी नवरा, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, अर्धांगवायूने अंथरुणावर; त्यांचं सगळं बाईच करायच्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "मोखाड्याला खरी थंडी असते. तुझी शाल देऊन ठेव मला." पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला मोठ्या बाईंचा असा काही राग आला म्हणून सांगू!

तेवढ्यात वरून परिपत्रक आलं. आपत्तींपासून बचाव, शालेय पोस्टर स्पर्धा. समुद्राचं उधाण, वीज, वणवा असे विषय, आणि नेमकी आमच्या वाट्याला थंडीची लाट! विरारमध्ये स्वेटर कपाटाबाहेर काढतात तो डांबराच्या गोळ्यांचा वास घालवायला. पण मोठ्या बाईंनी जाहीर करून टाकलं, "जिल्ह्यात बक्षीस आणा, चित्रकलेचे तास राहतील." नमुना म्हणून नेटवरचं एक चित्रही हातात दिलं. बर्फ, लाल टोपीतला गोरा मुलगा, मागे भिंतीत पेटलेली शेकोटी.

मेहेर बाईंनी ते चित्र लांब धरून पाहिलं. "बर्फ आमच्याकडं पापलेटवर असतो. आनि भिंतीत आग लागलीय, तं हा पोरगा हसतो काय?" मग वर्गाला म्हणाल्या, "थंडीची लाट काढा रे. तुमाला दिसते तशी."

अर्ध्या वर्गाने समुद्र काढला! सातवीतल्या प्राजक्ताने तर ताडामाडाएवढी निळीशार लाट काढली. किनाऱ्यावर कान बांधलेली आजी, गोधडीत बाळ, गरम पेज पिणारे खलाशी, आणि मागच्या घरात उघड्या खिडकीजवळ शेगडी. मी कपाळाला हात लावला. "बाई, लाट म्हणजे ही लाट नव्हे हो! उत्तरेकडून थंड हवा येते, ती."

"मंग हवा म्हना. लाट बोललं का पोरं लाटच काढनार."

"अहो, बर्फच पाठवा गुपचूप. घरी भाऊंचं कोण बघणार?"

त्या कधी नव्हे त्या हळू बोलल्या. "पोरीनं बर्फ पडताना बघितला नाय, मी नाय, तू नाय. खोटं काढून वाचवायचा, तं तो तास कसला गो?"

पाठवलं तेच चित्र. निकाल लागला, आणि आम्ही पहिले! फक्त विषयापुढे लिहिलं होतं, समुद्राचं उधाण. परीक्षकांनी शेरा दिला होता, "उधाणात भिजलेल्यांना ऊब देण्याचा विचार स्तुत्य." स्टाफरूममध्ये मी इतकी हसले की ठसका लागला.

मोठ्या बाई अडून बसल्या. विषयच वेगळा, हे बक्षीस धरता येणार नाही. मेहेर बाई समोर कमरेवर हात ठेवून उभ्या. "तुमी बोलल्या, बक्षीस आना. कशात आना, ते नाय बोलल्या." तास राहिले. बाईही राहिल्या. दोन वर्षांनी भाऊ गेले ते त्यांच्या हातचं पाणी पिऊन.

गेल्या जानेवारीत बाईही गेल्या. आदल्या दिवशी सहावीला घोडा शिकवून घरी गेल्या होत्या, आणि झोपेतच सगळं आटोपलं. मोठ्या बाईंनी दोन मिनिटं शांतता पाळून शाळा सोडायचं ठरवलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाकीचे तास सोडा. आज सातवीला चित्रकला आहे, ती सोडायची नाही."

"घेणार कोण?"

"मी."

मला विज्ञानाच्या तासाला परीक्षानळीसुद्धा सरळ काढता येत नाही. फळ्यावर पापलेट काढायला गेले. मागच्या बाकावरून कोणीतरी अगदी मनापासून विचारलं, "टीचर, ही चप्पल आहे का?" वर्गात हशा पिकला. मीही हसले, आणि हसता हसता सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडले. मग तोंड पुसलं आणि ओरडले, "काढा! चपलीसारखं तर चपलीसारखं!" घंटा होईपर्यंत एकालाही जागचं हलू दिलं नाही.