तीन बुचांची बॅटरी

हरणाबाईंचा गडी ज्ञानू आकारामच्या दारातल्या लिंबाला सायकल टेकवायचा आणि नुसता खाकरायचा. तेवढ्यावर आकाराम हातातलं काम टाकून उठायचा. त्याच्या बायकोला, अंजनाला हेच सगळ्यात जास्त लागायचं, कारण तिनं बोलावलं तर त्याला तीन-तीन हाका माराव्या लागत.

आकाराम पलटणीत ड्रायव्हर होता. नोकरी संपवून आला तो माधवनगरात गिरणीच्या रस्त्याला घराशेजारीच पत्र्याचं शेड टाकून गाड्या दुरुस्त करत बसला. बुधगावच्या हरणाबाई म्हणजे त्याच्या सुभेदारांची विधवा. सुभेदारांनी पेन्शनीत निघताना पुण्यात एका गोऱ्या साहेबानं मागं ठेवलेली जुनी मॉरिस घेतली होती. गावाकडं येऊन त्यांनी ती बायकोलाही चालवायला शिकवली, आणि दोन वर्षांपूर्वी आजाराचं निमित्त होऊन ते गेले. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालातली. डोक्यावरचा पदर ढळू न देता मोटार हाकणारी बाई बघायला अख्खं बुधगाव पारावर जमायचं. हरणाबाई कुणाकडं न बघता उसाच्या फडावर जायच्या, सांगलीला जायच्या.

गाडी तशी खणखणीत होती. बॅटरी मात्र मरायला टेकलेली. सकाळी बटण ओढलं की आत नुसतं टक् व्हायचं. मग पुढून हँडल मारण्यावाचून गत्यंतर नसायचं. ते हँडल उलटलं तर माणसाचा हात मोडतं, ते बाईमाणसाचं काम नव्हे, आणि ज्ञानू तर त्याला हातच लावत नसे. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा आकारामला बोलावणं यायचं.

एकदा तो गेला तो जेवायची वेळ टळली तरी आला नाही. अंजना भाकरी फडक्यात बांधून बुधगावला चालत गेली. मॉरिस अंगणात फुरफुरत उभी होती, म्हणजे काम कधीच झालेलं. आकाराम ओसरीवर खुर्चीत बसला होता, हातात कपबशी. समोर जोत्यावर हरणाबाई. आणि आकाराम बोलत होता. हातवारे करून, मान हलवून, मध्येच हसून बोलत होता. घरात दिवसाकाठी चार शब्द बोलणारा हा माणूस! अंजना भाकरी ज्ञानूच्या हातात देऊन तशीच माघारी फिरली. हरणाबाईंनी हाक मारली, ती तिनं ऐकू न आल्यासारखी केली.

त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. ज्ञानू आला की आकाराम सदरा बदलतो, हे तिनं हेरलं. तिच्या भावाच्या लग्नात हाच माणूस ग्रीसच्या डागाचा सदरा घालून पंगतीला बसला होता. हरणाबाई दिसायला बऱ्या होत्या, पण अंजनाहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. हे ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची. त्यानं काळजातली कळ काही जायची नाही. चुलीपुढं बसलं तरी तिच्या डोळ्यांपुढं ती ओसरी यायची, ती कपबशी यायची, आणि भाकरी तव्यावर करपायची.

एकदा तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, की ती बॅटरी बदलून का टाकत नाही.

"सहा व्होल्टची हाय," आकाराम म्हणाला. "आता समद्या गाड्या बाराच्या. जुनी कुटं गावतीया?"

तो ती बॅटरी शेडात आणायचा, टोकं घासायचा, आत पाणी घालायचा, चार्जिंगला लावायचा आणि परत नेऊन बसवायचा. चार दिवस ती तग धरायची. पाचव्या दिवशी लिंबाखाली खाकरणं ऐकू यायचं.

मग मार्गशीर्षात एका गारठ्याच्या सकाळी हँडल उलटलं. आकारामचं मनगट टम्म सुजलं. हाड बसवणाऱ्यानं पट्ट्या बांधल्या आणि महिनाभर त्या हातानं तांब्यासुद्धा उचलायचा नाही, असं बजावलं. अंजनानं हळद लावली, शेक दिला, पण मनात कुठंतरी तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

पुन्हा ज्ञानू आला तेव्हा आकाराम झोपला होता. अंजनानं त्याला उठवलं नाही. ती स्वतःच पायात चपला सरकवून निघाली. वाटेत तिनं बोलायचं ते सगळं जुळवून ठेवलं होतं. आमच्या माणसाचा हात तुमच्यापायी गेला, आता नवीन बॅटरी आणा आणि आमचा पिच्छा सोडा.

हरणाबाईंनी तिला घरात नेलं, पाट दिला. आकारामच्या हाताचं विचारताना त्यांचे डोळे भरून आले. अंजनानं जुळवलेलं तसंच राहिलं. ती एवढंच म्हणाली, की बॅटरी नवीन घेतलेली बरी.

"वैनी, म्या तरी दुसरं काय म्हणतीया?" हरणाबाई म्हणाल्या. "दसऱ्यापासनं सांगतीया त्यांना, नवी घ्या म्हणून. गावंत न्हाई म्हणत्यात. सारखं एका माणसाला बोलावून आणायचं, मला का बरं वाटतंय? लोक बगत्यात."

आकारामनं अंजनाला जे सांगितलं तेच इथंही सांगितलं होतं. ते खरं की खोटं, हे आता सांगलीच्या बाजारातच कळणार होतं. तिनं म्हटलं, "अक्का, आजच जाऊन बगू. दोगी जाऊ."

ज्ञानूनं जुनी बॅटरी सोडवून सायकलीला बांधली आणि तो पुढं झाला. दोघी मागून एस.टी.नं गेल्या. बाकड्यावर शेजारी बसून दोघींनी सांगली येईपर्यंत उसाबद्दल आणि थंडीबद्दल बोलून घेतलं.

दुकानदार नानासो म्हणून होता. दोन बायका बॅटरी घ्यायला आलेल्या बघून तो आधी मागं कुणी पुरुष येतोय का ते बघत राहिला. मग त्यानं एक मोठी बॅटरी पुढं ढकलली. अंजनानं वरची, पाणी घालायची बुचं मोजली. सहा होती, म्हणजे बारा व्होल्टची.

"ही न्हवं," ती म्हणाली. "आमची तीन बुचांची."

त्याच्याकडं तीन बुचांच्याही होत्या. एक नव्हे, तीन. अंजनाच्या कानशिलातून कढत काहीतरी सरकलं. गावत नाही म्हणे!

पहिली स्वस्तातली होती, जुन्या खोक्यात इथंच प्लेटा भरून डांबर ओतलेली; ती तिनं बाजूला सारली. दुसरी कंपनीची, ॲसिड भरून फळीवर तयार ठेवलेली. आत्ता न्या, आत्ता लावा, असं नानासो म्हणाला. किती दिवस भरून ठेवलीय, असं अंजनानं विचारलं. तो म्हणाला, पावसाळ्यापासून असेल. तिनं मान हलवली. भरून नुसती ठेवलेली बॅटरी आणि दावणीला बसून राहिलेला बैल सारखाच निकामी, असं आकाराम शेडात गिऱ्हाइकाला सांगायचा. भांडी घासता घासता ते तिच्या कानावर पडलं होतं. आपण एवढं ऐकलं होतं हे तिलाच माहीत नव्हतं. तिसरी कोरडी होती, बुचांवरचं सील न फोडलेली. तीच तिनं धरली. ॲसिड आपल्या डोळ्यांदेखत भरायचं आणि पहिलं चार्जिंग पुरं झाल्याशिवाय द्यायची नाही, असं सांगितलं. नानासो म्हणाला, दोन दिवस लागतील. ती म्हणाली, लागू देत.

हरणाबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "लय शिकवलंय की भाऊंनी तुमाला."

"घरात दुसरं काय बोलत्यात ते," अंजना म्हणाली. खोटं होतं, पण बोलताना तिला फार गोड लागलं.

बॅटरी आली त्या दिवशी बसवायला आकाराम गेला आणि त्याच्याबरोबर अंजनाही गेली. त्याच्या हाताला पट्ट्या, म्हणून पाना तिच्या हातात. तो शेजारी उभा राहून सांगत होता. या गाडीत अधिकची तार बॉडीला जाते, इतर गाड्यांच्या उलटी, तेवढं बघून लाव. तिनं टोकं आवळली. हरणाबाई आत बसल्या, त्यांनी बटण ओढलं. गाडी एका दमात सुरू झाली. त्यांनी ती बंद केली, परत सुरू केली, आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

अंजनाचं लक्ष गाडीकडं नव्हतंच. ती आकारामकडं बघत होती. त्याचा चेहरा पडला होता.

परतीच्या वाटेवर माधवनगरची गिरणी दिसली. तशी अंजना रस्त्याच्या कडेला थांबली.

"नानासोच्या दुकानात तीन हुत्या तसल्या," ती म्हणाली. "तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं.

"काय हाय त्या बाईत?"

आकारामनं पट्ट्यांचा सुटलेला दोरा गुंडाळला. मग म्हणाला, की तिच्यात काही नाही. तिथं पलटणीचं बोलणं निघतं. सुभेदार कसे होते, बर्फात गाडी कशी काढली, ती विचारते. पंधरा वर्षं त्यानं त्या बर्फाच्या डोंगरात काढली, आणि गावात आल्यापासून कुणी एक शब्द विचारला नाही. "तुला सांगाया लागलो की तू म्हनायचीस, रॉकेल आना."

अंजनाला आठवलं. ती तसंच म्हणायची. आधी राग आला, कारण रॉकेल लागतंच घरात. मग राग कुठं ठेवावा ते तिला कळेना. बाईवरून भांडण असतं तर तिनं ते निभावलं असतं. पण आपल्या नवऱ्याची पंधरा वर्षं दुसऱ्या बाईच्या ओसरीवर सांगून झालेली आहेत, आणि आपल्याकडं त्यातलं काही नाही, हे तिला कपबशीहून आणि सदऱ्याहून जास्त झोंबलं.

रस्त्याला ओढ्यावरची एक मोरी होती. अंजना मोरीच्या कठड्यावर बसली आणि त्यालाही बसायला लावलं.

"सांगा," ती म्हणाली.

त्यानं घसा साफ केला आणि बर्फातल्या गाडीपासून सुरुवात केली. रात्रभर इंजिन गोठू नये म्हणून खाली शेगडी धरून तो कसा बसला होता, ते सांगू लागला. चांगली गोष्ट होती. अंजनानं थोडी ऐकली आणि त्याच्या दंडावर हात ठेवला.

"ही तिला सांगितलीया?"

"व्हय."

"मग ही नगं. तिला न सांगितलेली सांगा."

आकाराम विचारात पडला. गिरणीचा भोंगा झाला, पाळी सुटली, कामगारांच्या सायकली त्यांच्या पुढून जाऊ लागल्या. लोक बघत होते. अंजना उठली नाही. शेवटी तो तिच्याकडं न बघता हळूच म्हणाला, की पहिल्या वर्षी त्याला पलटणीतून पळून यायचं होतं, स्टेशनापर्यंत आलाही होता. आणि मग तो सांगत गेला.