एकोणिसावी लायब्ररी

गेम बनवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत सगळे त्यांना फिटरकाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढं पुरे होतं. तरुणपणी ते कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा ऐन चाळिशीत त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास लावला. "पाने-पकडी सोडून आता उंदीर धरणार का?" बायकोने विचारलं. त्यांनी धरला. आधी गेम खेळून चुका शोधायचं काम मिळालं, मग हळूहळू कोणालाच नको असलेलं काम त्यांच्या गळ्यात पडलं. सगळ्यांचा कोड गोळा करायचा आणि त्याचा एक चालता गेम बांधून द्यायचा. याला तिथे बिल्ड म्हणत.

गेममधला सगळाच कोड कोणी घरी लिहीत नाही. आवाज, अक्षरं, दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर काय व्हायचं, असले भाग लायब्ररी नावाच्या फायलींत आयते मिळतात. आपण फक्त पत्ता द्यायचा, की अमुक लायब्ररी तमुक फोल्डरमध्ये आहे. त्या पत्त्यावर ती सापडली नाही, की कोडचा चालता गेम करणारा कंपाइलर अडून बसतो आणि पडदाभर लाल ओळी ओकतो. नवी माणसं त्या बघूनच गार पडायची.

"पहिली ओळ वाचा," काका सांगायचे. "बाकीच्या नुसत्या तिच्यामागे ओरडतात."

मग ते खुर्ची ओढून बसायचे, हवी ती लायब्ररी आपल्या मशीनवर शोधायचे आणि कोडमध्ये आपल्याच मशीनचा पत्ता ठोकून द्यायचे. दोन मिनिटांत लाल ओळी गायब. असं अकरा वर्षं चाललं. शेवटी गत अशी झाली, की काकांचं मशीन चालू असेल तरच कंपनीचा गेम तयार व्हायचा. मशीनवर चिठ्ठी चिकटवली होती, 'बंद करू नये'. याला कोणी चूक म्हणत नव्हतं. सगळे याला काकांची हुशारी म्हणत, आणि काकाही ते नाकारत नव्हते.

मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. एकामागोमाग एक ऑपरेशन करायचं ठरलं, म्हणजे सहा आठवडे घरी. मालकांनी रजा दिली, पण एक अट घातली.

"तुमच्या मशीनवर काही राहायला नको, काका. सगळ्या लायब्रऱ्या प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये आणा आणि यादी करून ठेवा. तुम्ही नसताना बिल्ड व्हायला हवं."

बोलणं रास्त होतं, म्हणूनच ते काकांना झोंबलं. आपल्यावाचून बिल्ड झालं, तर परत येऊन करायचं काय? अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण दारात उभं करणार? त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचा रागही येत होता.

मदतीला एक प्रोग्रॅमर दिली होती. कंपनीत येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं आणि बोलणं कामापुरतंच. तीन दिवस दोघं फायली हलवत होती, पत्ते बदलत होती. यादी अठरावर गेली. एकोणिसावी काकांनी सांगितलीच नाही. ती जॉयस्टिकची होती. मूळ बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळला होता. काकांनीच नऊ वर्षांपूर्वी तिची डागडुजी करून ती 'नकोसं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि तशी ती दुसरीकडे कुठेच मिळणार नव्हती. राहू दे एक, असं त्यांनी मनाशी ठरवलं. निदान एक फोन तरी येईल.

गुरुवारी दुपारी त्या मुलीने कोऱ्या मशीनवर सगळं उतरवलं, काकांचं मशीन बंद केलं आणि बिल्ड लावलं. पडदा लाल झाला. आता चोरी पकडली जाणार असं काकांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

तिने पहिली ओळ वाचली.

"जॉयस्टिकची लायब्ररी सापडत नाही म्हणतोय. पत्ता तुमच्या मशीनचा आहे. 'नकोसं' फोल्डर."

"असेल."

"यादीत नाहीये ती."

"राहिली असेल."

राहून राहून हीच एक राहावी, याचा अर्थ न कळायला ती काही दुधखुळी नव्हती.

"फाइल मी आत्ताही उचलीन, काका," ती म्हणाली. "पण आत तुम्ही काय काय बदललंय ते मला कळणार नाही. उद्या काही अडलं, तर तुमचं चांगलं काम मी मोडून ठेवीन. तेवढं लिहून द्या ना."

तिने चोरी तोंडावर बोलून दाखवली असती, तर काका भांडले असते. भांडायची तयारीही होती. पण असं बोलल्यावर करणार काय? त्यांनी मशीन परत चालू केलं आणि पडद्याला नाक लावून, कुठला कोड का बदलला, ते दोन पानं लिहून काढलं. यादीत एकोणिसावं नाव घातलं. मशीन पुन्हा बंद केलं. बिल्डला तास तरी लागणार होता. ते बघायला काका थांबले नाहीत. सकाळी ऑपरेशन आहे, असं सांगून निघाले.

शुक्रवारी दुपारी दवाखान्यात फोन वाजला. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले काका खिसा चाचपत धडपडून उठले. बायकोने त्यांना दटावून परत आडवं केलं आणि फोन कानाला लावून दिला.

"झालं, काका," ती मुलगी सांगत होती. "एकदाही अडलं नाही. आता तुम्ही निवांत पडून राहा."

"छान," काका म्हणाले. "छान झालं."

"काय म्हणे?" बायकोने फोन ठेवत विचारलं.

"बिल्ड झालं त्यांचं. माझ्यावाचून."

"मग चांगलंच की."

काकांनी मान दुसरीकडे वळवली. बायकोने रुमाल काढून त्यांच्या उघड्या डोळ्याखालचा गाल टिपला.

"पुरे आता," ती म्हणाली. "डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, सांगितलंय."